खोटी तपासणी

मी बारा वर्षांची होते.
बाबांना एक इन्स्पेक्टर हवा होता.

आजोबांची हॅट, पुठ्ठ्याला चिमटलेला कागद,
खिशात पेन्सिल. ओडेलकाका हसला,
म्हणाला, सरकार आलं सरकार!
टेनेसीतला ऑगस्ट. पत्रा तापून तडकायचा,
आणि घोड्यांच्या पायांवर, प्लास्टिकखाली,
पट्ट्यांखाली, मोहरीचं तेल नि डिझेल
रात्रभर आपलं काम करत असायचं.
बाबा ते हातमोजे घालून लावत.
त्यांना माहीत होतं ते काय असतं.

घोडीचं नाव टॅन्सी.
कागदावर लांबलचक होतं, तीन पिढ्यांचं,
पण खरारा करताना टॅन्सी.

"दोन्ही अंगठे घोट्यामागच्या खळग्यात," बाबा म्हणाले,
"आणि दाब. खरा इन्स्पेक्टर दाबतो तसं."
मी दाबलं.
तिने पाय ओढून घेतला,
आणि ओडेलकाकाने कुऱ्हाडीचा दांडा
तिच्या नाकाडावर हाणला.
"पुन्हा."

पुन्हा.
पुन्हा म्हणजे किती, ते मी मोजलं नाही.
मोजायला हवं होतं, कागद होता हातात.

चौथ्या संध्याकाळी मी दाबलं
आणि काहीच झालं नाही.
कातडीखाली काहीतरी गरम, ओलं, धडधडणारं
माझ्या अंगठ्यांना लागत होतं
आणि वर घोडी उभी, मान ताठ,
भिंतीकडे बघत.
ब्रसुद्धा नाही.
बाबांनी पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढल्या.
एक तिला, एक मला.
"हुशार आहात दोघी."

जत्रेच्या रात्री खरा इन्स्पेक्टर आला.
हात थंड, माणूस सभ्य, उशीर झालेला.
त्याने दाबलं. ती उभी राहिली.
मीही उभी राहिले.
त्याने कागदावर खूण केली.
मग दिवे, ऑर्गन, आणि गोल रिंगणात
साखळ्या वाजवत ती पुढचे पाय असे उचलत होती
जणू तापल्या तव्यावर चालतेय.
जणू कशाला?
लोक खुर्च्यांवर चढून ओरडत होते.
निळी फीत अजून आईच्या कपाटात आहे,
टॉवेलांच्या खाली.

बाबा दुष्ट नव्हते. हे मी
कुणाला पटवायला सांगत नाही.
पोटशूळ झालेल्या शिंगरापाशी
ते तीन रात्री गवतात झोपले होते.
म्हणायचे, सगळेच करतात.
म्हणायचे, माझ्याकडे एक जनावर उपाशी राहिलं नाही.
दोन्ही खरं होतं.
मी वाद घातला तो त्यांच्या माघारी,
गाडी चालवताना, काचेशी.

टॅन्सी माझ्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची.
नाल काढलेले, पाय मोकळे, तळ्याकाठचं कुरण.
घोट्यांवर केस पुन्हा आलेच नाहीत.
नोव्हेंबरात तिने खाणं सोडलं.

डॉक्टर क्वार्ल्स संध्याकाळी आल्या,
बॅटरी दातांत धरून वाकल्या.
खांदा दाबला, पाठ, गुडघा,
चिमट्याने खुराची कड न् कड.
इथे? इथे?
घोडी उभी. मान ताठ.
"पायांत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या,
"असतं तर तिने सांगितलं असतं."

मी म्हटलं, नाही, ती सांगणार नाही.
मग का, तेही सांगितलं.
कुणाला पहिल्यांदाच.
त्या काही बोलल्या नाहीत.
एक्स-रेचं यंत्र आणायला गाडीकडे गेल्या.
(खुरातलं हाड फिरलं होतं. कधीपासून,
ते त्यांना सांगता आलं नाही.)

त्या गाडीत शोधाशोध करत होत्या तेव्हा
मी चिखलात गुडघे टेकले,
दोन्ही अंगठे त्या खळग्यात ठेवले.
दाबले नाहीत. नुसते ठेवले.

टॅन्सीने हळूच मान वळवली
आणि माझा खिसा हुंगला,
गोळीसाठी.